सुनेला न्हेण्यासारखा पिक्चर

शुक्रवारी दुपार झाली की मला आजही एका जागी बसवत नाही. टॉकीज बंद पडून वर्षं लोटली, तिथं आता मंगल कार्यालय आहे, पण शुक्रवार आला की पाय आपोआप दाराकडे वळतात. उगाच उंबऱ्यापर्यंत जाते, परत येते, गॅसवर काही राहिलंय का बघते, पुन्हा उंबरा. भाची म्हणते, "मावशी, कोणाची वाट बघून राहिली?" आता हिला काय सांगू? पहिल्या खेळातून बाहेर पडणाऱ्या बायकांची. त्या काय म्हणतात ते ऐकल्याशिवाय माझा शुक्रवार कधी सरलाच नाही, आणि मेली सवय जात नाही.

हिंगोलीतल्या त्या टॉकीजमध्ये मी लेडीज खिडकीवर तिकिटं विकत असे. नव्वद सालानंतर लागले, ते टॉकीजला कुलूप पडेपर्यंत. आमचे हे तिथेच ऑपरेटर, म्हणजे मशीनवर पिक्चर चालवणारे. टॉकीजचे मालक, शेठ, त्यांना म्हणाले, "तुमची मंडळी शिकलेली आहे, खिडकीवर बसवा." शिकलेली म्हणजे सातवी. पण त्या काळी लेडीज खिडकीवर बाईच असावी असा बायकांचा आग्रह होता, आणि बायका आल्या नाहीत तर बाजाराच्या दिवशी टॉकीज भरत नसे. म्हणून मी.

खिडकी म्हणजे भिंतीतलं एक अर्धगोल भोक. मला चेहरे दिसत नसत, फक्त हात दिसत. हळदीच्या दिवसांत सगळे हात पिवळे, आणि तिकिटाच्या बुकावर माझ्या बोटांचे ठसेही पिवळे. बंजारा तांड्यावरच्या सोनाबाईला सगळे याडी, म्हणजे आई, म्हणत. तिच्या हातात मनगटापासून कोपराच्या वरपर्यंत बांगड्या, त्यामुळे तिचा हात भोकात अडकायचा. "बाई, तूच भाईर ये," म्हणायची. दर वेळी मी खुर्ची सोडून बाहेर जाऊन तिला तिकीट द्यायची. शेवटी शेठनी गवंडी बोलावून भोक वाढवून घेतलं. टॉकीजमध्ये एवढ्या वर्षांत झालेली सुधारणा म्हणाल तर तेवढीच.

पण लोकांना वाटायचं, हिची काय मजा, रोज फुकट पिक्चर! कसला पिक्चर? एसटीनं येणाऱ्या बायका कायम उशिरा पोचत, म्हणून लेडीज खिडकी खेळ सुरू झाल्यावरही बराच वेळ उघडी ठेवायची रीत होती. म्हणजे सुरुवात गेली. आणि खेळ संपायच्या आधीच पुढच्या खेळाची तिकिटं सुरू व्हायची, म्हणजे शेवटही गेला. मला प्रत्येक पिक्चर मधलाच माहीत. कोण कोणावर का चिडलंय ते कळायचं नाही, आणि पुढं त्याचं काय झालं तेही नाही. आमच्या ह्यांची दुसरीच तऱ्हा. त्यांना सगळा दिसायचा, पण मशीनच्या आवाजात धड ऐकू यायचं नाही, आणि ते रिळांच्या हिशेबानं बघत. "कसा आहे हो?" विचारलं की म्हणायचे, "सातवं रीळ चांगलं आहे." आता सातव्या रिळात काय आहे ते मी काय सांगणार गिऱ्हाइकाला?

आणि सांगावं तर लागायचंच. तिकीट मागायच्या आधी प्रत्येक हात एक प्रश्न विचारायचा. म्हणून खेळ सुटला की मी घटकाभर खिडकी सोडून बाहेर पडणाऱ्या बायकांना दारात गाठायची. एकेक शब्दात मतं यायची आणि त्या एका शब्दावर माझा आठवडा उभा राहायचा. कॉलेजच्या पोरी म्हणायच्या, "टाइमपास." मास्तरीणबाई म्हणायच्या, "संदेश चांगला आहे," म्हणजे कंटाळवाणा आहे. साध्या बायका पदराचं टोक दाखवायच्या. ओलं असेल तर पिक्चर चांगला. सिद्धेश्वरच्या धरणाकडून एक बाई यायची, नवरा मासे धरायचा. ती आधीच विचारून घ्यायची, "पानी तर न्हाई ना त्यात? घरी तेच बघून राहिले." याडी फक्त जनावरं बघायची. एका खेड्यातल्या पिक्चरवर तिनं बाहेर येऊन निकाल दिला, "बैल गावचे न्हाईत. गाडीला बांधले तवा बुजून राहिले व्हते." पुढं कोणी काही म्हणो, तो पिक्चर तांड्यावरून उतरला तो उतरलाच. समोरचे पानवाले रहीमभाई तर पिक्चर बघायचेच नाहीत. मध्यंतरात पान किती खपलं त्यावरून सांगायचे. "भाभी, आज एक बीडा नै बिका. पब्लिक अंदर से निकलीच नै. पिच्चर हिट है." त्यांचं मत सहसा चुकत नसे.

पण या सगळ्यांवर एक मत होतं, आणि ते फक्त आमच्या लेडीज खिडकीवरच चालायचं. सासवा यायच्या आणि वाकून भोकातून आत बघत विचारायच्या, "न्हेण्यासारखा हाय का?" म्हणजे सुनेला नेण्यासारखा आहे का. मी "व्हय" म्हटलं तर सून आत, "न्हाई" म्हटलं तर सून घरी. पिक्चर चांगला की वाईट हा प्रश्नच नव्हता. एवढ्याशा शब्दावर कोणाची तरी वर्षातली एखादीच दुपार अडकलेली असायची, आणि तो शब्द मी ऐकीव मतांवरून आणि मधल्या पिक्चरवरून द्यायची. म्हणून जिवाला सारखा घोर. तिकीट दिल्यावरही वाटायचं, उठावं, दारातून डोकावून यावं, आत काही भलतंच तर चाललेलं नाही ना.

गंगाबाई मावशी नरसीच्या रोडवरच्या एका गावच्या. नवरा नाही, बेताची पण चांगली जमीन, दरसाल हळद. एकुलता एक मुलगा पुण्याला कंपनीत, आणि सून रेखा मावशींजवळ. बाजाराच्या दिवशी मावशी सुनेला घेऊन जीपनं यायच्या, आधी बाजार, मग पिक्चर. त्यांच्या शब्दाला वजन होतं. मावशी बाहेर येऊन "बरा हाय" म्हणाल्या की पुढच्या बाजाराला त्या रोडच्या जीपा बायकांनी भरून यायच्या. शेठना हे ठाऊक होतं. मावशींची चप्पल दारात दिसली की शेठ ऑफिसातून बाहेर येऊन उभे राहायचे.

रेखा फारशी बोलत नसे. एकदा मावशी रहीमभाईंकडे तंबाखू घ्यायला गेल्या तेवढ्यात खिडकीशी येऊन हळूच म्हणाली, "काकू, ह्यांनी तिकडं खोली घेतली. ये म्हणतात. आत्याबाई म्हणतात, ह्या हळदीनंतर बघू." मी म्हटलं, "मग झालं की, हळद निघाली म्हणजे जाशील." ती म्हणाली, "हळद तर दरसाली येती काकू."  त्या दिवसापासून तिचा हात भोकापाशी दिसला की मला चुकल्यासारखं व्हायचं. मावशींचंही मला कळत होतं. त्या मोठ्या घरात संध्याकाळी बोलायला दुसरं होतं कोण?

आणि मग तो पिक्चर लागला. नाव सांगत नाही, आमच्याकडे त्याला लोकांनी दुसरंच नाव पाडलं, ते पुढं येईल. शुक्रवारी पहिला खेळ सुटला तेव्हा मी नेहमीसारखी दारात उभी. पण त्या दिवशी मत मिळेना. पोरी म्हणाल्या, "एकदम भारी." म्हाताऱ्या बायका काही न बोलता चपला शोधू लागल्या. एकीला मी अडवलंच. ती म्हणाली, "काय सांगू बाई," आणि गेली. पदर बघावा तर कोरडा. ह्यांना विचारलं तर म्हणे शेवटचं रीळ जपून लावावं लागतं, तुटकं आहे. बाजाराच्या दिवसापर्यंत माझी नुसती घालमेल.

बाजाराच्या दिवशी दुपारी मावशी आल्या. बाराचा खेळ अजून आत चालू होता, तीनच्या खेळाची खिडकी मी नुकतीच उघडली होती. त्यांनी वाकून आत बघितलं.

"न्हेण्यासारखा हाय का?"

त्या वाकल्या तशी त्यांच्या मागं समोरच्या भिंतीला टेकलेली रेखा दिसली, हातात बाजाराची पिशवी. आणि माझ्या तोंडून आजवर कधी न निघालेलं वाक्य निघालं. "मावशी, मला न्हाई सांगता येणार. शेवट काय हाय ते मला ठाऊक न्हाई."

"आं? मंग इथं काहून बसली?"

"तिकिटं द्यायला."

 मावशी सरळ बाजूच्या दारानं माझ्या खोलीतच आल्या. "ऊठ. जा, शेवट बघून ये. खिडकी मी सांभाळते."

"अहो मावशी, शेठ बघतील..."

"बघू दे. बाजारात हळद इकते मी, एवढं तिकीट इकता येणार न्हाई व्हय? जा म्हंते ना!"

मी गेले. अंधारात लेडीजच्या दाराशी उभी राहिले. पडद्यावर स्वयंपाकघर. सून फडताळातून दोन लुगडी काढून पिशवीत भरत होती. घरात माणसं होती, पण कोणी काही बोलत नव्हतं. तिनं किल्ल्यांचा जुडगा खुंटीला लावला, दाराबाहेर आली, आणि चालत फाट्यावर गेली. बस आली. ती चढली. संपलं. दिवे लागले तरी बायका उठेनात. मला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी आत कुठंतरी फार बरंही वाटलं. मग मावशी आठवल्या आणि मी खिडकीकडे धावले.

परत येते तर खिडकीवर ही गर्दी. मावशी माझ्या खुर्चीत पदर खोचून बसलेल्या, तिकिटं फाडताहेत, आणि एकेका हाताला सांगताहेत, "चांगला हाय. बिनघोर जा. सुनांला बी न्या."

मी कपाळाला हात लावला. "मावशी! तुमी कुठं बघितला?"

"काय करू मंग? जी येती ती इचारून राहिली, कसा हाय, कसा हाय. खिडकीत बसल्यावर 'म्हाईत न्हाई' म्हणवत न्हाई गं," त्या म्हणाल्या. "आमच्या गावच्या समद्या गेल्या आत. तू सांग, काय हाय शेवट?"

मी रेखाकडे बघितलं नाही. "सून घर सोडून जाती."

"परत येती का?"

"न्हाई."

"कुठं जाती?"

"बसमध्ये बसती. कुठली बस ते न्हाई दाखवलं."

"पाटी वाचायची व्हती," मावशी चिडून म्हणाल्या.  बाहेर रेखा पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. मला वाटलं, आता मावशी उठणार आणि तिला घेऊन जीप गाठणार. पण त्या अडकल्या होत्या. साऱ्या गावाला त्यांनी स्वतःच आत धाडलं होतं. "आता माघारी फिरले तर गाव काय म्हणंल? आपण न्हाई बघितला अन् आमाला पाठवलं," असं पुटपुटत त्यांनी आपल्याच हातानं दोन तिकिटं फाडली आणि सुनेला हाक मारली. "चल गं."

तो खेळ संपेपर्यंत मी काय काय केलं ते मलाच आठवत नाही. खिडकीत बसले, उठले, पाणी प्यायले, दारापर्यंत गेले, परत आले. शेठना खबर लागली. ते येऊन म्हणाले, "बाई, नरसी रोडच्या जीपा बंद झाल्या तर लेडीज खिडकी कशाला ठेवायची? एकाच खिडकीवर देऊ सगळ्यांना." हे ते आधीही बोलले होते, पण त्या दिवशी ते खरं वाटलं. माझ्या नोकरीची धास्ती होतीच. तरी मनात सारखी येत होती ती भिंतीला टेकलेली पोरगी. मावशींनी त्या पिक्चरवरून धसका घेतला तर तिची हळद कधीच निघायची नाही. मध्यंतरात रहीमभाई हात हलवून म्हणाले, "औरतां तो बाहर आयीच नै, भाभी." एरवी मला आनंद झाला असता.

खेळ सुटला. गावच्या बायका लिंबाखाली मावशींभोवती गोळा झाल्या. मीही खिडकी सोडून तिथं जाऊन उभी राहिले, शेठ ऑफिसच्या पायरीवर. एकीनं विचारलं, "मावशी, तुमी तर चांगला म्हणल्या व्हत्या. कसा वाटला?"

मावशींनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली.

"पिशवी लई लहान घेतली तिनं," त्या म्हणाल्या.

तिनंच पुन्हा विचारलं, "म्हंजे?"

"म्हंजे काय? दोन लुगड्यात संसार व्हतो व्हय? जायाचं तर नीट जावं. तवा घ्यावा, गोधडी घ्यावी, सालाची हळद-तिखट घ्यावं. शहरात मिठापासून समदं इकत घ्यावं लागतं. मी तर एक डाव निघाले व्हते, नवी नवरी असताना. अशीच लहानी पिशवी. फाट्यावरून माघारी आले." एवढं बोलून त्या रेखाकडे न बघता जीपकडे चालू लागल्या. "चल, जीप भरून राहिली."

रेखा मात्र त्यांच्या पाठीकडे बघत तशीच उभी होती. मग एकदम भान येऊन धावली.

त्या मताचं पुढं काय झालं म्हणाल, तर पिक्चर धो धो चालला. रोज नवा हात भोकातून यायचा आणि विचारायचा, "लहान पिशवीचा पिक्चर तो हाच का?" खरं नाव कोणीच घेत नव्हतं. लेडीज खिडकी राहिली. शेठ पुन्हा त्याबद्दल बोलले नाहीत, निदान त्या वर्षी नाही.

त्या सालची हळद निघाली, शिजली, वाळली, विकली गेली. एक दिवस, बाजार नसताना, माझ्या दारावर थाप पडली. बघते तर मावशी. "भाईर ये," म्हणाल्या. रस्त्यावर रिक्षा उभी, आत रेखा अंग चोरून बसलेली, कारण सगळी जागा एका पत्र्याच्या पेटीनं खाल्ली होती. झाकण बसत नव्हतं म्हणून दोरीनं आवळलेलं. वर गोधड्यांचं गाठोडं. एसटी स्टँडवर मुलगा थांबला होता.

मावशींनी पेटीवर हात आपटला. "मोठी घेतली," त्या म्हणाल्या. "कंडक्टर काय बोंबलंल ते बोंबलो."

रेखा हसत होती आणि डोळे पुसत होती. मला म्हणाली, "काकू, येते." मी मान हलवली. हे सगळं एका पिक्चरनं झालं असं मी म्हणणार नाही. पिक्चरनं तसं काही होत असतं तर हिंगोलीत निम्मी माणसं मोटारसायकलीवरून उड्या मारताना मेली असती. पण त्या पिशवीनं मावशींना रात्रंदिवस टोचलं असणार, एवढं मला माहीत आहे.

त्यानंतर पुष्कळ बाजार आले आणि गेले, मावशी आल्या नाहीत. तोवर गावागावात केबल पोचलं होतं, जीपा कमी झाल्या होत्या. मी येणाऱ्या प्रत्येक हाताकडे बघायची. त्यांची करंगळी विळ्यानं कापून वाकडी झालेली होती, ती शोधायची. कधी वाटायचं, आजारी तर नसतील? कधी वाटायचं, माझ्यावरच राग धरला असेल. ती खिडकी सोडून मी शेवट बघायला गेले नसते, तर सून घरात असती. कोणाला विचारावं तर धीर होत नसे.

मग एका बाजारी ती करंगळी दिसली. हात पुढं आला, पण पैसे ठेवले नाहीत. मावशी नेहमीसारख्या वाकल्याही नाहीत. भिंतीपलीकडून नुसता आवाज आला.

"बाई, एकटीनं बघण्यासारखा हाय का?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. रडण्यासारखा, हसण्यासारखा, न्हेण्यासारखा, सगळ्यांना माझ्याकडे उत्तर होतं. याला नव्हतं.  एसटीच्या बायका अजून यायच्या होत्या, खिडकी उघडी ठेवायची रीत होती, शेठ आत बसले होते. मी भोकाला आतून फळी लावली, दाराला कडी घातली आणि बाहेर आले.

"न्हाई मावशी," मी म्हटलं. "दोघींनी बघण्यासारखा हाय."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझा हात धरला आणि आम्ही आत गेलो.

पिक्चर अजून सुरू व्हायचा होता. दिवे गेले आणि पडद्यावर एक मोठा कागद आला, त्यावर शिक्का, सही, बारीक अक्षरं. मावशींनी कोपरानं ढोसलं, "हे दर पिक्चरला येतं. काय असतं गं?"

"काय की. मी बी पहिल्यांदाच बघून राहिले."

मग नावं आली, संगीत आलं, एक गाव दिसलं, आणि त्यात कोण कोणाचं कोण हे हळूहळू कळत गेलं. कोणावर कोण का चिडतं ते आधीच ठाऊक असलं की पुढं किती सोपं जातं! मी एकदाही उठले नाही. शेवटपर्यंत मावशींचा हात माझ्या हातात होता.

बाहेर आल्यावर मावशींनी त्या दिवशी मत दिलंच नाही. फक्त म्हणाल्या, "पुढल्या बाजाराला कोणता लावून राहिले?" आणि जीपकडे गेल्या. आमचे हे तेलकट हात पुसत जिन्यावरून खाली आले. वरच्या झरोक्यातून त्यांनी आम्हाला बघितलं असावं.

"कसा होता?" त्यांनी विचारलं.

"पहिलं रीळ," मी म्हटलं, "पहिलं रीळ लई चांगलं होतं."